छातीच्या हाडामागे

माझ्या लेकीला कॅन्सर झाला होता. हे एवढंसं वाक्य मी दीड वर्ष कुणापुढे उच्चारलं नाही. न उच्चारल्यामुळे जे दोन महिने मला काढावे लागले, त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

आमचं गाव उंब्रजपासून जवळच. चार एकर ऊस, दोन म्हशी, मालक फौजेत. घरात आम्ही तिघीच, सासूबाई, मी आणि लेक. मी अंगणवाडीत सेविका आहे. गावातल्या पोरांची वजनं करण्यात आणि त्यांच्या आयांशी भांडण्यात माझी वीस वर्षं गेली. तोंडाने मी फटकळ, हे गावाला ठाऊक आहे. पोराला ताप आला आणि आईने दवाखाना सोडून अंगारा लावला, की मी तिच्या दारात उभी. 'आजार लपवायचा नस्तोय बाई, लपवल्यानं त्यो वाढतोय,' हे मी इतक्यांदा बोलले आहे की पोरं माझी नक्कल करतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

लेकीची बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात तिच्या गळ्याच्या हाडावर बोराएवढी गाठ दिसली. दुखत नव्हती, म्हणून तीही बोलली नाही. रोज रात्री घाम यायचा, वजन उतरत होतं, आणि ते सगळं आम्ही अभ्यासावर ढकललं होतं. कराडला डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला, म्हणजे गाठींचा कॅन्सर. गळ्यात होता, थोडा छातीतही होता. पुण्याला सहा महिने उपचार घ्यायचे ठरले.

गावाला काय सांगायचं, याचा निर्णय मी एका दिवसात घेतला. पोरगी एक वर्ष गॅप घेऊन पुण्याला डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावतेय, मी सोबतीला जातेय. गावातली चार पोरं त्या वर्षी असल्याच क्लासला गेली होती, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. मालक फोनवर म्हणाले, "अगं, खरं सांगितलं तर काय व्हईल?" मी म्हटलं, "तुमी तिकडं बर्फात. हितं पोरीची सोयरीक मला करायची हाय." आमच्याकडे स्थळ आलं की मुलीची चौकशी पाच गावांतून होते. कोण कुणाच्या आत्याच्या नणंदेला विचारील सांगता येत नाही. एकदा का 'हिला ते झालं होतं' हे कुणाच्या तोंडी बसलं, की पाहुणे चहासुद्धा न घेता माघारी जातात. हे मी दुसऱ्यांच्या पोरींच्या बाबतीत पाहिलं होतं, आणि तेव्हा त्या पाहुण्यांना शिव्याही घातल्या होत्या.

पुण्यातली खोली, केमो, उलट्या, हे सगळं इथे लिहीत नाही. एकच सांगायला हवं. प्रत्येक केमोनंतर तिच्या पांढऱ्या पेशी तळाला जायच्या, मग त्या वर आणायला पोटात इंजेक्शनं द्यायची असत. नर्सने मला शिकवलं होतं. ते पेशी वाढवणारं औषध होतं, वाढीचा घटक, शरीर स्वतः जे बनवतं तेच बाहेरून दिलेलं. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी तिची कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकायची. "मम्मी, हाडं फुटत्यात गं," असं ती म्हणाली की मी तिचे पाय दाबायचे आणि मनातून खूश व्हायचे. दुखतंय म्हणजे आत काहीतरी वाढतंय.

उपचार संपले, आम्ही गावी आलो. केस बोटभर उगवले होते. टायफॉईड झाला होता म्हणून गेले, असं मी सगळीकडे सांगितलं. त्यातच क्लास सुटला असंही सांगितलं, आणि पुढच्या जूनला लेकीने कराडला बीएस्सीला नाव घालायचं ठरवलं. बायकांनी 'आगं बया, टायफॉईडनं पार चिपाड झालं की पोरीचं' म्हणून हळहळ केली, तूप-केळी खायला घाल म्हणाल्या, आणि विषय मिटला. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

पुढे तिसऱ्या महिन्यात लेकीच्या कमरेवर नागीण उठली. पाण्याचे फोड, आग आग. आमच्याकडे म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना टेकलं की माणूस जातं. सासूबाई गेरू उगाळून बसल्या. मी शिकलेली बाई, मी त्यांच्यावर ओरडले, आणि मग आत जाऊन तिच्या कमरेवर फोडांच्या दोन टोकांमध्ये किती बोटं अंतर आहे ते मोजलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर गोळ्या सांगितल्या. म्हणाल्या, "अंगातल्या लढणाऱ्या पेशी अजून पुरेशा आल्या नाहीत. काही पेशी लवकर येतात, काहींना वेळ लागतो." नागीण गेली. मी मात्र त्या दिवसापासून सकाळी वेणी घालायच्या निमित्ताने तिची मान चाचपायला लागले. तिच्या ते लक्षात यायचं. ती मान गप्प माझ्या हातात ठेवायची.

उपचार संपून सहा महिने झाले तेव्हा छातीचा स्कॅन करायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुण्याला यायची गरज नाही. जवळ कुठेही करा, फक्त आधीचे स्कॅन आणि माझं पत्र तिथे दाखवा." कराडला माझं अर्धं माहेर, कुणीतरी भेटणारच. म्हणून मी सांगली गाठली. आणि पत्र दाखवायला नको म्हणून गावाजवळच्या एका डॉक्टरांकडून खोकल्यासाठी छातीचा स्कॅन, अशी चिठ्ठी लिहून घेतली. त्यांना मी खोकलाच सांगितला होता. जुने स्कॅन घरी कपाटात साड्यांच्या खाली राहिले.

सांगलीच्या त्या स्कॅनच्या ठिकाणी काउंटरवर एक तरुण पोरगी होती, गळ्यात मंगळसूत्र, समोर कॉम्प्युटर. गावाचं नाव वाचून तिने मान वर केली.

"आवं, तुमी तिकडच्या व्हय? माझं म्हायेर तुमच्या शेजारच्याच गावात हाय की. तुमी अंगणवाडीच्या बाई न्हवं?"

एवढ्या लांब येऊन मी शेजारच्या गावातल्या पोरीपुढेच उभी होते. ती हसत होती, तिच्या मनात काही नव्हतं. तिने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, त्रास काय, खोकला. मग तिने विचारलं, "आदी कसला मोठा आजार? आपरेशन? कसली ट्रीटमेंट?"

"न्हाई," मी म्हटलं. "काय न्हाई. टायफॉईड झाला हुता, बास."

लेक माझ्या बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

रिपोर्ट दुपारी मिळाला. सांगलीच्या स्टँडवर बाकावर बसून मी पाकीट उघडलं. माझं इंग्रजी दहावीचं, पण कॅन्सरच्या फायली वाचून वाचून त्यातले शब्द मला तोंडपाठ झाले होते. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, वाढलेला गोळा. लिम्फोमाची शंका. तुकडा काढून तपासणी करावी. मी ते तीनदा वाचलं. लेक म्हणाली, "काय हाय?" मी म्हटलं, "चांगलं हाय, घरी जाऊन वाचू." तिने माझ्या हातातून कागद घेतला. बारावी सायन्स झालेल्या पोरीपासून काय लपणार होतं? तिने तो वाचला, कागद नीट घडी करून पाकिटात घातला, आणि म्हणाली, "मला पाणी पायजे."

एसटीत पेठ नाक्यापर्यंत माझ्या डोक्यात दोनच शब्द फिरत होते. वाढलेला गोळा. वाढलेला. मी तिच्या पोटात टोचलेली इंजेक्शनं मला एक एक करून आठवायला लागली. पेशी वाढवणारं औषध. मीच माझ्या हाताने दिलं. त्यानेच हे वाढवलं असेल तर? उसाला खत घालावं आणि उसाबरोबर तणही माजावं, तसं मी पोरीच्या अंगात केलं की काय? हा विचार एकदा आला तो पुण्याला जाईपर्यंत गेला नाही. कराड आलं तेव्हा लेक खिडकीला डोकं टेकून झोपली होती, आणि मी तिच्या छातीचं वरखाली होणं बघत बसले होते.

घरी येऊन रिपोर्टचा फोटो पुण्याला पाठवला. डॉक्टरीणबाईंचा लगेच फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "हा रिपोर्ट लिहिणाऱ्यांना हिचा आजार माहीत होता ना? मागचे स्कॅन तुम्ही दाखवलेत ना?"

मी साड्यांच्या कपाटाकडे बघितलं.

"दाखवले नाहीत?"

"न्हाई मॅडम."

"का?"

या 'का'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून बाहेर काढायची लाज वाटली. त्या म्हणाल्या, सगळे स्कॅन घेऊन परवा या.

पुण्याला त्यांनी जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले, दुसऱ्या एका डॉक्टरांना बोलावून दाखवले. आम्ही दोघी खुर्च्यांवर. मला तिथल्या पंख्याचा आवाज अजून आठवतो. शेवटी त्या आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हा कॅन्सरच आहे असं मला वाटत नाही. ही तिची थायमस ग्रंथी असावी."

मी हा शब्द पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी आपल्या छातीच्या हाडावर बोट ठेवलं. हाडाच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत, पांढऱ्या पेशी जन्मतात, म्हणाल्या, त्यातल्या काही कच्च्या असतानाच इथे, या हाडामागच्या ग्रंथीत शिकायला येतात. आपलं कोणतं, परकं कोणतं, हे त्यांना इथे शिकवलं जातं. "तुम्ही अंगणवाडी चालवता ना? तशीच समजा."

"आणि ज्या शिकत न्हाईत त्या?"

"त्या तिथेच मरतात. ज्या आपल्याच शरीरावर उठतील त्यांना तर मुद्दाम मारलं जातं. जितक्या आत जातात त्यातल्या फार थोड्या बाहेर येतात."

मला ही असली अंगणवाडी ऐकूनच कसंतरी झालं. त्या पुढे सांगत होत्या. केमोने ही ग्रंथी सुकते, पण पुरती मरत नाही. असा मार बसला की तिच्यातल्या तग धरून राहिलेल्या पेशी स्वतःच वाढीचे घटक सोडायला लागतात, शेजारच्या पेशींना 'उठा, वाढा' असा निरोप देतात. त्याने आधी ग्रंथीची चौकट उभी राहते. मग मगजातून नव्या पेशी येतात. त्यांना जगायला आणि वाढायला आणखी वेगळा घटक लागतो, तोही ही चौकटच पुरवते. तो मिळाला नाही तर आलेल्या पेशी टिकत नाहीत. तरुण पोरांमध्ये हे कधी कधी इतक्या जोरात होतं की ग्रंथी पहिल्यापेक्षा मोठी होऊन बसते, आणि स्कॅनमध्ये गोळा दिसतो.

"मॅडम, मी ती इंजेक्शनं दिली, पेशी वाढवायची. त्यानं तर न्हाई ना?" दोन दिवस गिळलेलं ते बाहेर आलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती मगजातल्या दुसऱ्या पेशींसाठी होती, जंतू गिळणाऱ्या. थायमस त्यांनी वाढलेली नाही. थायमस वाढवणारे घटक औषध म्हणून देता येतील का, म्हाताऱ्यांना, हाडाचा मगज बदललेल्या रुग्णांना, यावर शास्त्रज्ञ अजून झटताहेत. तुमच्या मुलीच्या अंगाने ते आपलं आपण केलं असावं."

"असावं म्हणजे? नक्की न्हाई?"

नक्की नव्हतं. गोळ्याचा आकार थायमससारखा होता, शेजारच्या रक्तवाहिन्यांना तो ढकलत नव्हता. पण आजार परत आला तर तोही नेमका त्याच जागी बसू शकत होता, कारण मागच्या वेळी छातीत थोडा होताच. खात्री करायची तर छातीच्या हाडामागे जाऊन तुकडा काढायचा, आणि त्यात धोका होता. नाहीतर दोन महिने थांबायचं, पुन्हा स्कॅन करायचा. ग्रंथी असेल तर तशीच राहील किंवा आखडेल. आजार असेल तर वाढेल. त्यांचं मत थांबावं असं होतं. उठताना त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगलीच्या डॉक्टरांना खरं सांगितलं असतंत तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. त्यांची काही चूक नाही. हाच रिपोर्ट घेऊन तुम्ही घाबरून दुसऱ्या कुणाकडे गेला असतात, तर एव्हाना हिची छाती उघडलेली असती. पुढचा स्कॅन तिथेच करा, त्याच मशीनवर, म्हणजे नीट तुलना होईल. आणि या वेळी सगळं सांगा."

परतीच्या एसटीत साताऱ्याच्या अलीकडे लेक पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न बघता.

"मम्मी, मी गेले असते तर लोकांना काय सांगणार हुतीस? टायफॉईडनं गेली म्हणून?"

मी तिला गप्प बस म्हटलं नाही. रडलेही नाही. खरं उत्तर मला माहीत होतं. मी तेच सांगितलं असतं.

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. अंगणवाडीत पोरांची वजनं घेताना काटा बघायचं विसरायचे. लेक खोकली की मोजायचे. तिने ताटात भाकरी टाकली की मीही ताट बाजूला सारायचे. ताप बघायचा काचेचा थर्मामीटर तिने लपवून ठेवला होता, तो मी शोधून काढला. एकदा ती गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येताना दमून उभी राहिली, तर मी धावत जाऊन पाटी ओढून घेतली आणि तिच्यावरच ओरडले. ती म्हणाली, "पाटी जड हाय, म्हणून थांबले. मेले न्हाई अजून."

सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. थायमस काय असतं ते मी त्यांना मला समजलं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी करडाच्या छातीत असतंय तेच की. जत्रंला कवळं करडू कापलं की हाडाखाली पांढरं मऊ मास निगतंय, लय ग्वाड लागतंय. म्हाताऱ्या बोकडात न्हाई सापडत ते. आमी पोरांस्नी द्यायचो."

"व्हय आत्याबाई, तेच असंल."

"मंग भ्यायाचं काय त्यात? कवळ्या जीवात ते असतंच."

"करडू कापल्यावर कळतंय तुमास्नी," मी एकदम उसळून म्हटलं. "माझ्या पोरीला कापल्याबगर मला कळाया पायजे."

म्हातारी उठून गोठ्यात गेली. तिचं चुकलं नव्हतं. मला कुणी धीर दिला की राग यायचा, आणि कुणी दिला नाही तरी यायचा. मालकांनी सुट्टी मागितली, मिळाली नाही. रोज संध्याकाळी फोन करून ते फक्त "जेवली का?" विचारायचे आणि ठेवून द्यायचे. एकदा त्यांच्या मागे दुसऱ्या कुणाचा आवाज आला, 'यार, रो मत.' मी ते ऐकल्याचं त्यांना कधी सांगितलं नाही.

मग मी देवाला धरलं. सोमवार धरले, शुक्रवार धरले. सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी गावदेवीला जायचे आणि गाभाऱ्यापुढे हात जोडून एकच मागायचे. पोरीच्या छातीत जे उगवलंय ते जळू दे. त्याची राख होऊ दे. त्याचा मागमूस राहू नगं. डोळे मिटले की मला तो गोळा दिसायचा, काळाकुट्ट, रोज थोडा मोठा होणारा. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की गावातल्या कुणा माणसाला घातल्या नसतील.

दोन महिने झाले. आम्ही पुन्हा सांगलीला गेलो, त्याच काउंटरवर. तीच पोरगी होती. ओळखून हसली, "आला व्हय बाई? खोकला ग्येला न्हाई व्हय?"

माझ्या मागे रांगेत सात-आठ माणसं होती. पत्र हातात होतं, ते नुसतं पुढे सरकवलं असतं तरी चाललं असतं. पण लेक माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"खोकला न्हवताच," मी म्हटलं. "हिला कॅन्सर झाला हुता. लिम्फोमा. सहा म्हैने पुण्यात ट्रीटमेंट झाली. मागल्या वेळी मी खोटं सांगितलं. हे जुने स्कॅन, हे पत्र."

पोरीचा हात की-बोर्डावर थांबला. मग तिने विचारलं, "केमो किती झाल्या?" मी आकडा सांगितला. तिने लिहून घेतला, "बसा," म्हणाली, आणि मागच्या माणसाचा कागद घेतला. एवढंच झालं. जे लपवायला मी दीड वर्ष जिवाचं रान केलं होतं, ते सांगायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

या वेळी रिपोर्टचं पाकीट मी उघडलंच नाही, तसंच पुण्याला न्यायचं ठरवलं. अर्थात मी काय बोलले ते गावात पोचलंच. कुणाकडून, ते मी शोधलं नाही. चार-पाच दिवसांनी गिरणीत दळण घेऊन गेले तर दोघीजणी बोलता बोलता थांबल्या. मी डबा खाली ठेवला आणि म्हटलं, "बोला की. खरंच हाय ते. आता बरी हाय का न्हाई, त्ये परवा पुण्याला कळणार हाय." एक जण खाली बघायला लागली. दुसरीने माझा डबा उचलून स्वतःच्या आधी लावला. लेकीच्या सोयरिकीचं पुढे जे व्हायचं ते होवो. त्या दिवशी मला तिची चिंता शिवलीसुद्धा नाही, कारण परवा उजाडायचं होतं.

पुण्याला त्याच खोलीत, त्याच खुर्च्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो लावले. त्यांनी पेनाच्या टोकाने एक कडा दाखवली, मग दुसरी.

"आखडलीय," त्या म्हणाल्या. "वाढलेली नाही. आकार तोच, मऊ. रक्ताच्या तपासणीतही नव्याने शिकून बाहेर पडलेल्या पेशी वाढलेल्या दिसताहेत. थायमसच आहे ही. नागीण झाली होती ना, तेव्हा या पेशी नव्हत्या. आता तयार होताहेत. पुढे वयाबरोबर ती आपोआप बारीक होईल, सगळ्यांची होते. तपासण्या चालू ठेवायच्याच, पण आज घाबरण्यासारखं काही नाही."

मला रडू आलं नाही. मी नुसती त्या फोटोकडे बघत राहिले. छातीच्या हाडामागचा तो करडा ठिपका. दोन महिने उपाशी राहून, देवीपुढे हात जोडून, ज्याची राख होऊ दे म्हणून मी मागणं मागत होते, ते माझ्या लेकीचं बरं होणं होतं. तिचं अंग आतल्या आत स्वतःला उभं करत होतं, आणि मी रोज सकाळी त्याच्या मरणाचा नवस बोलत होते. देवीने माझं ऐकलं असतं तर?

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी त्यांना सांगितलं. उपासांचं, गावदेवीचं, जे मागितलं ते शब्दसुद्धा. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

लेक माझ्याकडे बघत होती. वर्षा-दीड वर्षात तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"मम्मी," ती म्हणाली, "आता देवीला सांग, चुकलं म्हणावं. ऱ्हाऊ दे म्हणावं ते."

मी तिथेच, त्या खुर्चीत बसल्या बसल्या हात जोडले आणि सांगितलं.